जमणी बाजू

आमचे हे तीस वर्षं धुळ्याच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. कोणती गाडी कुठल्या फलाटावर लागली, कोणती सुटली, कोणती पंक्चर होऊन साक्रीला बसली, हे माइकवरून सांगायचं काम. त्यातून यांना एक खोड लागली ती कायमची. हे कुणाला रस्ता विचारत नाहीत. जन्मभर लोकांनी विचारलं आणि यांनी सांगितलं, आता उलटं कसं करायचं? एकदा बऱ्हाणपूरला माझ्या बहिणीकडे जाताना आम्ही तिच्या दारावरून चार वेळा गेलो, पण यांनी कोपऱ्यावरच्या पानवाल्याला तोंड उघडून विचारलं नाही. पाचव्या वेळी बहीणच बाहेर आली.

असा माणूस रिटायर झाल्यावर मला त्याच्याबरोबर अहमदाबाद बघायला जायचं होतं. बघायला म्हणजे नुसतं बघायला नाही. मुलगा आणि सून दोघंही तिकडे नोकरीला, नात तीन वर्षांची, दिवसभर पाळणाघरात. मुलाचं म्हणणं, धुळ्यातलं देवपूरचं घर विका आणि कायमचे इकडे या. आमच्या शेजारच्यांना घर हवंच होतं, त्यांनी सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगा म्हणून निरोप धाडला होता. मुलगा म्हणाला, "पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आहे. तीन दिवस फिरा, शहर बघा. रविवारी संध्याकाळी जेवताना काय ते ठरवू."

यांनी फोनवर उत्तर दिलं, "तुनी माय म्हनी तसं."

म्हणजे तुझी आई म्हणेल तसं. मला रागच आला. तीस वर्षं दुनियेच्या गाड्या कुठे जाणार ते यांनी सांगितलं, आणि आपली स्वतःची गाडी कुठे जाणार म्हटल्यावर माइक माझ्या हातात. मी विचारलं, तुमच्या मनात काय आहे? तर म्हणाले, "माले काय, कथाबी भाकर भेटनी म्हंजे व्हयनं." म्हणजे कुठेही भाकरी मिळाली की झालं. मग मुलाने मला विचारलं तेव्हा मीही म्हटलं, "बघू." मनात काय आहे हे खरोखरच माझं मला कळत नव्हतं. नातीचा फोटो बघितला की वाटायचं उद्याच निघावं. अंगणातल्या कढीपत्त्याला पाणी घालताना वाटायचं, मी कशाला जाते कुठे.

इथे एक सांगून ठेवते. मी बोदवडकडची. हे धुळ्याचे, अहिराणी. लग्न झालं तेव्हा सासूबाई काय बोलतात ते मला अर्धं कळायचं नाही आणि माझं बोलणं ऐकून नणंदा तोंडाला पदर लावायच्या. आता सगळं कळतं, पण मी आपली माझ्याच वळणाने उत्तर देते. आमच्या घरात अशा दोन भाषा तीस वर्षं नांदल्या, एकीने दुसरीला बाहेर काढलं नाही. यांना मात्र तिसरीही येते, असं यांचं म्हणणं. गुजराती. स्टँडवर गुजरातच्या गाड्या यायच्या, त्यांचे ड्रायव्हर उतरले की पहिला प्रश्न यांना, "जमवानुं क्यां मळशे?" म्हणजे जेवायला कुठे मिळेल. हे त्यांना समोरच्या शेवभाजीवाल्याकडे पाठवायचे. एवढ्या शिदोरीवर हे गुजरातीचे पंडित. "आपलं शे, त्यासनं छे. आपलं बठ्ठा, त्यासनं बधा. मावसबहिनी शेतीस दोन्ही." शे आणि छे म्हणजे आहे, बठ्ठा आणि बधा म्हणजे सगळे.

रेल्वेने गेलो असतो तर बरं झालं असतं. अमळनेरहून सरळ गाडी. पण रेल्वेचं नाव काढलं की यांचा चेहरा सवत घरात आल्यासारखा होतो. म्हणून गुरुवारी पहाटेची बस धरली आणि संध्याकाळी अंग मोडून अहमदाबादला उतरलो. मुलगा गाडी घेऊन आला होता. त्याच्या सोसायटीत सात इमारती, सातही एकसारख्या, आणि नाव इंग्रजीत, शेवटी हाइट्स. आधीचा शब्द मी तीन दिवसांत तीनदा विचारला आणि तीनदा विसरले.

शुक्रवारी मुलाने नदी दाखवली. काठ दोन्ही बाजूंनी बांधून काढलेला, फरशी, बाकं, आणि पात्र काठोकाठ भरलेलं. आमच्या धुळ्याच्या पांझरेत एवढं पाणी मी पूर आला तरच बघितलेलं. मी म्हटलं, केवढं पाणी रे. तो म्हणाला, "आई, हे नर्मदेचं पाणी आहे, कालव्याने आणून सोडलंय." म्हणजे नाव साबरमती आणि आत नर्मदा. मी बराच वेळ कठड्याला धरून बघत राहिले. नातीने मला विचारलं, "आजी, शुं जुए छे?" तिला माझं मराठी कळतं, पण बोलताना पाळणाघरातलं तोंडात येतं. काय बघतेस एवढंच, पण मला तेही धड कळेना, आणि तिचा गालगुच्चा घ्यावासा वाटला तो घेतला.

शनिवारी मुलाला कामावर जावं लागलं, सुनेलाही. त्याने आमच्यासाठी टॅक्सी ठरवली आणि आम्ही दोघं शहराबाहेरची जुनी पायऱ्यांची विहीर बघायला गेलो. पाच मजले जमिनीत खाली उतरत जाते ती. प्रत्येक खांबावर कोरीव काम, आणि खाली गेलं की उकाडा वरच राहतो. बाहेर पाटीवर लिहिलं होतं, वाव. मी विचारलं, वाव म्हणजे? तर हे म्हणाले, "वाव म्हंजे जागा. आपन नही का म्हनत, ह्या धंदामा वाव शे." मी म्हटलं, अहो, विहिरीला जागा कशाला म्हणतील? "मोठी शे म्हनीसन." एवढ्यात एक शाळेतली मुलगी आईला म्हणाली की वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. यांनी ते ऐकलं आणि खांबावरचा हत्ती बघायला लागले. मी हसू दाबलं. त्या वेळी दाबलं नसतं आणि तिथेच यांचं गुजराती उघडं पाडलं असतं, तर पुढची फजिती टळली असती.

रविवारी मोठ्या तळ्यावर गेलो. त्याला दारं किती, कुठल्या दाराला कुठला नंबर, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. मुलाने आम्हाला दुपारी एका दारात सोडलं, सहाला त्याच दारात घ्यायला येतो म्हणाला, आणि सुनेला नि नातीला घेऊन काही सामान आणायला गेला. आत गर्दी म्हणजे सारंगखेड्याची जत्रा. छोटी आगगाडी, फुगे, माशांचं घर. तासभर फिरल्यावर मी बायकांच्या स्वच्छतागृहात गेले. रांग मोठी होती, म्हणून पर्स यांच्याकडे दिली. पर्समध्ये फोन.

बाहेर आले तर हे नाहीत.

आधी वाटलं, इथेच कुठेतरी असतील. खांबाआड बघितलं, आइस्क्रीमच्या गाडीमागे बघितलं. तिथल्या रखवालदाराला हातवारे करून विचारलं, पांढरा शर्ट, टक्कल, हातात बायकी पर्स. पर्स म्हटल्यावर त्याला लगेच आठवलं. म्हणाला, "काकाने कह्युं, अहीं नहीं ऊभा रहेवानुं, जमणी बाजू जाओ. काका जमणी बाजू गया." मला एवढंच कळलं की यांना तिथे उभं राहू दिलं नाही आणि कुठल्यातरी बाजूला धाडलंय. मी यांच्यासारखी नाही, मला विचारायची लाज वाटत नाही. बाकावर माझ्या वयाची एक बाई बसली होती, तिला म्हटलं, जमणी म्हणजे काय हो? तिने उजवा हात वर केला, बोटं जुळवून तोंडाशी नेली आणि म्हणाली, "जे हाथे जमीए ने, ए." ज्या हाताने जेवतो तो. उजवा.

उजवीकडे एक दार होतं. मी तिथे जाऊन उभी राहिले. हे नव्हते. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. ती बाई भली, माझ्यामागोमाग आली होती, तिने आपला फोन दिला. यांचा नंबर मला पाठ आहे. लावला, वाजला, वाजला, बंद झाला. चार वेळा. मग माझ्या फोनवर लावला, तोही वाजून बंद. मग आठवलं. दोन महिन्यांपूर्वी कुणीतरी फोन करून आमच्या बँकेची चौकशी केली होती, तेव्हापासून मुलाने बजावलं होतं की अनोळखी नंबर उचलायचा नाही. हे नियमाचे पक्के. स्वतःचाही उचलला नाही आणि माझाही उचलला नाही.

मुलाचा नंबर? तो माझ्या फोनमध्ये 'पोरगा' म्हणून आहे. डोक्यात नाही.

बाईने विचारलं, काकांचं नाव काय, आपण माइकवर सांगायला लावू. आणि माझ्या तोंडून नाव निघेना. हसू नका. फॉर्मवर मी लिहिते, सही करते, पण तोंडाने म्हणायचं म्हणजे उखाण्यात, तेही लग्नात आणि डोहाळेजेवणात. हेही माझं घेत नाहीत. मी नुसतीच "आमचे हे, आमचे हे" करत राहिले. मग ती म्हणाली, बरं, राहता कुठे? आणि मी पटकन म्हणाले, "देवपूर." ती विचारात पडली. इथे असा काही भाग तिला माहीत नव्हता. "पांझरेच्या पल्याड," मी म्हटलं, आणि तेव्हा मला कळलं की मी या बाईला काय सांगतेय. मला भीती वाटत होती हे खरं, पण हरवण्याची भीती कमी आणि वेगळीच जास्त. या शहरात मला कुणी विचारलं तू कुठली, तर माझ्याकडे द्यायला पत्ता नव्हता, आणि जो होता तो मी आज संध्याकाळी विकायला निघाले होते.

एवढ्यात कर्णे खरखरले. इतका वेळ त्यातून गाणी चालली होती. ती थांबली आणि आवाज आला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. देवपूर, धुळे येथे जाणाऱ्या बाईंनी जमणी बाजूला यावे. त्यांच्या गाडीचे कंट्रोलर तिथे थांबलेले आहेत."

हे. तोच आवाज, तोच हेल, प्रत्येक वाक्याच्या शेवटचा शब्द थोडा लांबवलेला. यांनी माइक कुणाकडून कसा मिळवला ते नंतर कळलं. माइकवाल्याला यांनी सांगितलं, मी तुमच्याच खात्यातला. माझ्या अंगावर काटा आला. शेजारची बाई म्हणाली, "जमणी बाजू!" आणि आम्ही दोघी जणी जमणी बाजूला उभ्या होतो ना. मी दाराच्या आत बघितलं, बाहेर बघितलं, बाकाखालीसुद्धा वाकले. पुन्हा कर्णे खरखरले, पुन्हा तेच. जमणी बाजूला यावे. आता मी कुठे जाऊ? मी तर आहेच इथे. एखाद्याने आपल्याला हाक मारावी आणि आपण त्याच्या समोर उभं असूनही त्याला दिसू नये, तसं झालं. मला राग येत होता, हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही होतं. नेमकं कशाचं ते सांगता येणार नाही.

तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. यांना गुजराती कुणी शिकवलं? ड्रायव्हरांनी. ड्रायव्हर काय विचारायचे? जमवानुं क्यां. म्हणजे या माणसाच्या लेखी जमण्याशी निगडित जे काही असेल ते जेवण. जमणी बाजू म्हणजे जेवणाची बाजू. हे इतकं सरळ होतं की ते फक्त मलाच कळण्यासारखं होतं. मी त्या बाईचे हात हातात घेतले, तिला म्हटलं येते हो, आणि बरोबर उलट दिशेला, डावीकडे निघाले. तिकडे खाण्याच्या गाड्या होत्या.

कोपऱ्यातल्या टेबलावर हे बसले होते. समोर दोन कागदी ताटल्यांत दोन दाबेल्या, गार झालेल्या. एकीलाही हात लावलेला नव्हता. शेजारच्या खुर्चीवर यांनी रुमाल टाकून ठेवला होता, एसटीत खिडकीतून टाकून जागा धरतात तसा. मला बघून उठले नाहीत. रुमाल उचलला, झटकला आणि म्हणाले, "बठ. कितला येळ."

"मी कितला येळ?" मी म्हटलं. "तुम्ही कुठी गेलते? मी तासभर तिकडे उभी."

"जमणी बाजू जाय म्हने त्यो. मी उनू. तुनी वाट देखी राहिंतू."

"जमणी म्हणजे उजवी."

यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "तीस वरीस मी त्या ड्रायव्हरसले जेवाले धाडं." त्यात तक्रार नव्हती, पण मला यांची कीव आली. तीस वर्षं ज्याने कुणाला चुकीच्या फलाटावर पाठवलं नाही, तो आज स्वतःच चुकीच्या फलाटावर बसून होता. मी दाबेली खाल्ली. गार होती, पण भूक लागली होती.

मग विचारलं, "माइकवर देवपूरला जाणाऱ्या का म्हणालात?"

"मंग काय, नाव लेऊ तुनं?"

"तसं नाही. अहमदाबादला आलेल्या म्हणायचं. मुलाकडे राहणाऱ्या म्हणायचं."

यांनी ताटलीतला शेंगदाणा बोटाने इकडून तिकडे ढकलला. "तोंडमा जे उनं ते बोलनू," म्हणाले. मीही त्या बाईला काय उत्तर दिलं ते यांना सांगितलं नाही.

सहाला मुलगा आला. त्याला आम्ही काहीच बोललो नाही. रस्ता न विचारणाऱ्या माणसाची बायको झाल्यावर काही गोष्टी झाकायची सवय लागते.

संध्याकाळी सुनेने मेहनतीने वांग्याचं भरीत केलं होतं, मुद्दाम आमच्यासाठी, आणि इथे तशी हिरवी वांगी मिळत नाहीत म्हणून तीनदा माफी मागितली. नात डाव्या हाताने पोळी ओढायला लागली. सुनेने नुसतं बघितलं तिच्याकडे, तशी तिनेच हात बदलला आणि आजोबांना दोन्ही हात वर करून दाखवले. "आ जमणो हाथ, आ डाबो हाथ. जमणो जमवा माटे." उजवा जेवायला. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "देख. मी काही इतला चुकना नही." मुलगा आणि सून एकमेकांकडे बघायला लागले. आम्ही दोघं हसलो. तीन दिवसांत पहिल्यांदा एकत्र हसलो.

हसणं संपलं आणि मुलाने विचारलं, "मग आई? काय ठरलं?"

यांनी मान खाली घातली. ताटातलं भरीत निवडत बसले, जणू त्यात काटे होते. मी म्हटलं, "घर नाही विकायचं."

सुनेने वाढायचा चमचा भांड्यात ठेवला. मुलाने नातीकडे बोट केलं आणि हळूच विचारलं, "आणि हिचं?" रागाने नाही, अगदी साधं. मी म्हटलं, दिवाळीत येईन, उन्हाळ्यात दोन महिने तिला घेऊन जाईन, अमुक, तमुक. बोलताना मलाच ते थिटं वाटत होतं. ताटं उचलताना मोरीत मी रडले. नातीला रोज सकाळी पाळणाघरात सोडतात ते डोळ्यांसमोर आलं म्हणून रडले. निर्णय चुकला म्हणून नाही. का त्याचमुळे? आजही मला नक्की सांगता येत नाही. यांना विचारलं तर म्हणतात, "तुनी माय म्हनी तसं," आता मुलाला नाही, मलाच, माझी आई जाऊन वीस वर्षं झाली तरी.

सोमवारी सकाळी मुलगा स्टँडवर सोडायला आला. फलाट भलतेच होते आणि आमची गाडी कुठे लागते याचा पत्ता नव्हता. यांनी अर्थातच कुणाला विचारलं नाही. मुलगा धावत चौकशीच्या खिडकीवर गेला, तिथून गर्दीतून हात वर करून ओरडला, "आई, जमणी बाजू! जमणी बाजू!"

घाईत होता तो. गाडी सुटायला पाच मिनिटं होती. घाईत तोंडात जे आलं ते बोलला. मी उभ्या जागी थबकले. त्याला उजवीकडे म्हणायचं सुचलंच नव्हतं. आमचा मुलगा इथला झाला होता, आणि आम्हाला कुणी ते सांगितलं नव्हतं.

यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. समोर डाव्या हाताला चहा-नाश्त्याचे गाळे होते, तिकडेही बघितलं नाही. आम्ही दोघं न चुकता उजवीकडे वळलो.